पोर्श 944 चा पट्टा: किलोमीटर मोजायचे की वर्षं?

पोर्शची 944 ही 1982 ते 1991 या काळातली गाडी. अडीच लिटरचं चार सिलिंडरांचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजन दोन्ही चाकजोड्यांवर जवळपास सारखं. आज ती जुन्या पोर्शांमध्ये त्यातल्या त्यात आवाक्यातली मानली जाते आणि म्हणूनच अनेकदा अशा माणसाच्या हाती पडते, ज्याने गाडीवर पैसे खर्चले पण टायमिंग बेल्टची चौकशी केली नाही. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी, हे गणित हा दातेरी रबरी पट्टा सांभाळतो. मिनिटाला 3,000 फेऱ्या असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. या इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की तो पिस्टनच्या वाटेत येतो. पट्टा तुटला किंवा काही दात घसरला, की कॅमशाफ्ट थांबतो किंवा मागे पडतो, पिस्टन मात्र गतीच्या जोरावर वर येतच राहतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड उतरवण्याला पर्याय नाही. मग हा पट्टा किती दिवसांनी बदलायचा? माझं म्हणणं असं, की हौसेपुरत्या फिरणाऱ्या जुन्या गाडीत याचं उत्तर किलोमीटरच्या काट्यावर शोधणं हीच मूळ चूक आहे.

ही गाडी नवी होती तेव्हा अमेरिकेत पट्टा 45,000 मैलांना, म्हणजे सुमारे 72,000 किलोमीटरला बदलावा असं सांगितलं जाई. रोज कामावर जाणाऱ्या गाडीसाठी हा आकडा ठीक होता, कारण तेवढं अंतर चार-पाच वर्षांत पार पडे. आज तीच गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालते. त्या हिशेबाने पट्टा पाव शतक चालवावा लागेल. पण रबराला काट्याचं भान नसतं. उष्णता, हवेतला ओझोन आणि तेल त्याला कडक करतात, आतले काचतंतू वाकून-वाकून थकतात. उभ्या गाडीत तर पट्टा लहान पुलीभोवती एकाच जागी महिनोन्महिने वाकलेला राहतो. म्हणून जाणकारांत सुमारे 48,000 किलोमीटर किंवा तीन-चार वर्षं, यांतलं जे आधी येईल ते, असा दंडक रुजला आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की दहा वर्षांनी काढलेला पट्टाही पुष्कळदा नव्यासारखा दिसतो. दिसतो खरा, पण भार पेलतात ते तंतू रबराच्या आत असतात, डोळ्यांना दिसतं ते वरचं आवरण. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हल्लीचे पट्टे जुन्या निओप्रीनपेक्षा कितीतरी चिवट रबराचे असतात आणि आजच्या काही गाड्यांत ते लाखाहून अधिक किलोमीटर टिकतात. हे मान्य. मात्र 944 मध्ये पट्टा एकटा नसतो. तोच वॉटर पंप फिरवतो. त्याच्या बाजूलाच दोन्हीकडे दात असलेला दुसरा, अरुंद पट्टा असतो. तो मित्सुबिशीच्या परवान्याने घेतलेल्या बॅलन्स शाफ्टांना क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरवतो. हा तुटून त्याचे तुकडे मुख्य पट्ट्यात अडकले तर परिणाम तोच. शिवाय टेन्शनर, रोलरांची बेअरिंगं आणि पुढचे ऑइल सील. सील झिरपू लागलं, की कव्हरच्या आत तेलाचा काळपट लेप दिसतो, आणि तेल प्यालेल्या रबराचा भरवसा नाही. उत्तम पट्टा घातला तरी बाकीचा जथा चाळीस वर्षं जुना असेल, तर मुदत त्याच्यावरूनच ठरते. सोळा व्हॉल्व्हच्या 944 एसमध्ये तर आणखी एक भानगड आहे: दोन कॅमशाफ्टांना जोडणारी साखळी आणि तिचे झिजणारे प्लॅस्टिकचे पॅड. पट्ट्यासाठी इंजिन उघडलंच आहे, तर तेही बघून घ्यावेत.

वारंवार इंजिन उघडण्यातच धोका आहे, हा तिसरा आक्षेप मला सगळ्यांत पटणारा वाटतो. पट्टा सैल राहिला तर दात घसरतो. फार ताणला तर कण्हल्यासारखा आवाज येतो आणि पंपाचं बेअरिंग लवकर जातं. अॅल्युमिनियमचं इंजिन तापून फुगतं, तसा ताणही वाढतो, म्हणून तो थंड इंजिनावरच मोजायचा. त्यासाठी पोर्शचं खास मापक आहे. बोटांनी पट्टा पिळून अंदाज घेणारे कारागीर आहेत, पण ज्या इंजिनात चुकीची किंमत एवढी मोठी, तिथे अंदाजावर काम सोपवू नये. 1987 च्या सुमारास स्प्रिंगचा टेन्शनर आला. त्याआधीच्या गाड्यांत नवा पट्टा दोन-तीन हजार किलोमीटरनंतर पुन्हा ताणावा लागतो, आणि नेमकी हीच पायरी टाळली जाते. म्हणजे हा आक्षेप निष्काळजी कामाविरुद्ध आहे, मुदतीविरुद्ध नाही. उलट, पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 मध्ये पट्टा तुटला तर गाडी रस्त्यात थांबते, पण व्हॉल्व्ह शाबूत राहतात. तिथे कोणी वर्ष-दोन वर्षं थांबलं, तर मी त्याला दोष देणार नाही.

944 ला ही सवलत नाही. चार वर्षं किंवा 48,000 किलोमीटर झाले, की दोन्ही पट्टे, रोलर आणि झिरपणारे सील एकदमच बदलावेत. वॉटर पंपही त्याच वेळी तपासावा. जुनी 944 विकत घेत असाल आणि शेवटचा बदल केव्हा झाला याची तारखेसह पावती मिळत नसेल, तर तो झालेलाच नाही असं धरा आणि हा खर्च गाडीच्या किमतीतून आधीच वजा करून बोली लावा.