मलिक अंबरच्या दोन कबरी

खुलताबादला जाणारा प्रवासी बहुधा औरंगजेबाची साधी कबर पाहतो, जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यात डोके टेकवतो आणि वेरूळची वाट धरतो. गावाच्या वायव्येला असलेल्या एका घुमटाच्या दगडी इमारतीपाशी फार थोडे लोक थांबतात. ही मलिक अंबरची कबर. जवळच आणखी एक इमारत आहे, ती त्याची पत्नी बीबी करीमा हिची म्हणून ओळखली जाते. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह याची उघडी कबरही याच भागात आहे.

इकडे गोदावरीच्या दक्षिणेला, नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्यात अमरापूर नावाचे गाव आहे. तिथेही मलिक अंबरची कबर सांगितली जाते, आणि तीही उघड्यावर. एका माणसाला दोन कबरी कशा? यांपैकी खरी कोणती? हा प्रश्न वरवर दिसतो तितका सरळ नाही.

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या मीर कासिमने त्याला लिहायला-वाचायला शिकवले आणि ‘अंबर’ हे नाव दिले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही मूळचा हबशी. वऱ्हाडची इमादशाही बुडवून निजामशाहीने १५७४ मध्ये हा प्रांत घेतला, तेव्हा कारभार याच चंगेजखानाच्या हाती होता. आम्हां नेर-दारव्हा भागातल्या माणसांना हा इतिहास दूरचा वाटतो. पण तो आमच्याच उंबरठ्यावरून गेला आहे. १६२० मध्ये अंबरच्या फौजांनी रेटा लावला तेव्हा मोगलांना मेहकर आणि बाळापूर सोडून बुऱ्हाणपूरकडे हटावे लागले होते.

१६०० मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतल्यावर अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला तख्तावर बसवले आणि पुढची पंचवीसेक वर्षे राज्य चालवले. स्वतः तो कधी तख्तावर बसला नाही. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तिला नहरीचे पाणी दिले. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांचा एकाच वेळी पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. पुढे दोनच वर्षांनी, मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असलेला अंबर वारला.

कबर कोणाची हे ओळखण्याचे मार्ग मुख्यतः तीन: शिलालेख, समकालीन लिखाण आणि लोकपरंपरा. मुरूडजवळ खोकरी येथे जंजिऱ्याच्या सिद्दींचे तीन घुमट आहेत. तिथल्या अरबी लेखांमुळे सिद्दी कासिम याकूतखानाच्या कबरीबद्दल वाद उरत नाही. जिथे केवळ परंपरेवर विसंबावे लागते, तिथे सावध राहणे बरे. नगरजवळच्या शहा डोंगरावरची तीन मजली वास्तू ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून सर्वत्र प्रसिद्ध आहे; प्रत्यक्षात ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. लोकांना जे नाव जिव्हाळ्याचे असते ते दगडाला चिकटते. अमरापूर या गावाच्या नावातही ‘अंबर’ ऐकू येतो खरा, पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही. ‘अमर’ हा शब्द स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो.

मात्र एका प्रथेकडे लक्ष दिले की दोन्ही कबरींचा मेळ बसतो. घरापासून दूर मृत्यू आला तर देह ‘अमानत’ म्हणून, म्हणजे ठेव म्हणून, तिथेच जमिनीच्या स्वाधीन करायचा आणि सोय झाली की ठरलेल्या जागी न्यायचा. पुरलेला देह पुन्हा उकरणे धर्मशास्त्रकारांना फारसे पसंत नव्हते, तरी राजघराण्यांत हे सर्रास होत असे. मुमताज महल १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात वारली. तिला तापीकाठी झैनाबादच्या बागेत दफन केले होते आणि सहा महिन्यांनी देह आग्र्याला नेला. खुद्द पहिल्या बुऱ्हाण निजामशहाचे अवशेष नगरहून करबल्याला पाठवले गेले. औरंगजेब १७०७ मध्ये नगरला वारला आणि त्याचा देह खुलताबादला नेला. नगरजवळ भिंगारच्या बाजूला ‘आलमगीर’ हे स्थान आजही त्या मृत्यूची खूण सांगते. तिथे जाणाऱ्याला कोणी ‘ही खोटी जागा’ म्हणत नाही.

अंबरची हकिकतही याच चाकोरीतली मानली जाते: देह आधी अमरापूरला, मग खुलताबादला. परिस्थितीही त्याला अनुकूल आहे. अंबरच्या अखेरच्या काळातली मोठी लढाई नगरच्या मुलखात झाली. भातवडी त्याच भागातली. दुसरीकडे, दौलताबाद हा निजामशाहीचा बळकट किल्ला आणि अंबरची खडकी ही दोन्ही ठिकाणे खुलताबादच्या जवळची. खुलताबादला तेव्हा ‘रौझा’ म्हणत. सुफी संतांच्या सान्निध्यात चिरविश्रांती मिळावी अशी ओढ दख्खनच्या अनेक सत्ताधीशांना होती. शिवाय खुलताबादचा घुमट अंबरने हयातीतच बांधून ठेवला, असे परंपरा सांगते. जागा आधीच तयार असेल, तर ऐन उन्हाळ्यात वारलेल्या माणसाचा देह वाटेत ठेवून नंतर गोदावरीपार नेणे यात नवल नाही.

म्हणून ‘खरी कबर कोणती’ हा प्रश्न थोडा बदलून विचारावा लागतो. कबर या एका शब्दात आपण तीन गोष्टी मिसळतो: माणूस जिथे वारला ती जागा, देह जिथे ठेवला ती जागा आणि जिथे तो अखेर राहिला ती जागा. खुलताबादचा दावा तिसऱ्या जागेचा आहे, अमरापूरचा पहिल्या दोन जागांचा. हे दावे एकमेकांना खोडत नाहीत. मात्र अमरापूरचा दावा अजून परंपरेच्या पायरीवरच आहे आणि तो तसाच नोंदवला पाहिजे. पुराव्याचा शेला त्याच्यावर घाईने पांघरू नये.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर व्यवहारातले आहे. ‘खरी खुलताबादची’ एवढे एकदा ठरले की अमरापूरची जागा बिनमहत्त्वाची ठरते, आणि बिनमहत्त्वाचा दगड आपल्याकडे कुणाच्या तरी बांधात जायला वेळ लागत नाही. अंबरने वसवलेल्या खडकीचे नाव त्याच्या मुलाच्या, फत्तेखानाच्या, नावावरून फत्तेनगर झाले, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. शहराच्या नावात अंबर पूर्वीही नव्हता, आजही नाही. त्याच्या आईबापांची माती इथिओपियात कुठे आहे, हे तर विकल्या गेलेल्या पोराला कधी विचारताही आले नसेल. अशा माणसाला दोन गावे आपला म्हणतात. दोन्ही जागांची मोजमापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या हकिकती तारखेनिशी टिपून ठेवाव्यात. शंका तशीच राहिली तरी चालेल; जागा मात्र राहिल्या पाहिजेत.