बोधचिन्हातील मौलिकता

जयपूरचे वैशाली नगर असो की पुण्याचे कोथरूड, कोणत्याही वाढत्या उपनगराच्या बाजारपेठेतून जाताना दुकानांच्या पाट्यांकडे लक्ष देऊन पाहा. दंतवैद्याच्या पाटीवर बहुधा दात असतो. शाळेच्या फलकावर उघडे पुस्तक आणि त्यामागून उगवणारा सूर्य असतो, तर घरे बांधणाऱ्याच्या नावावर त्रिकोणी छप्पर. या चित्रांत चूक काहीच नाही. परंतु नाव झाकून नुसते चित्र दाखवले, तर ते कोणाचे हे सांगता येत नाही. ज्या चिन्हाने एकाची ओळख पटावयाची ते सर्वांचेच झाले, म्हणजे ते चिन्ह न राहता केवळ सजावट होते. बोधचिन्हाला मौलिकता हवी असते ती हौसेखातर नव्हे, तर यासाठी.

बोधचिन्ह म्हणजे एखादी संस्था, वस्तू वा मोहीम यांची ओळख करून देणारी संक्षिप्त आकृती. ती मोठ्या फलकावर जशी दिसते, तशीच टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेतही ओळखू आली पाहिजे. रंग नसतील, छपाई सुमार असेल, तरीही तिचा अर्थ हरवता कामा नये. साहजिकच चित्रकाराला तपशील गाळत गाळत पुढे जावे लागते. चित्रात भर घालणे त्या मानाने सोपे; काय वगळावे हे ठरवणे अवघड.

मग मौलिक आकृती कोणती? पूर्वी कोणी कधीही न पाहिलेली, असे उत्तर आपण चटकन देतो. ते पुरतेपणी खरे नाही. संपूर्ण अपरिचित आकार पाहणाऱ्याच्या मनात कोणताच अर्थ जागवीत नाही. परिचित आकाराला नवा संबंध जोडून देणे, हेच येथे सर्जनशीलतेचे मुख्य काम असते.

स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 2014 साली केंद्र शासनाने त्यासाठी नागरिकांकडून संकल्पना मागविल्या. त्यांतून कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांचे चिन्ह निवडले गेले. बाबूराव पेंटर यांच्या या गावाला चित्रकलेचे आणि पोस्टरांचे वावडे कधीच नव्हते. खासबारदारांच्या आकृतीत आहे काय? गांधीजींचा गोल भिंगांचा चष्मा. एका भिंगात ‘स्वच्छ’ आणि दुसऱ्यात ‘भारत’ ही अक्षरे. दोन्ही भिंगांना जोडणारी तिरंगी कमान. चेहरा नाही, काठी नाही आणि झाडूही नाही. स्वच्छतेची मोहीम म्हटल्यावर झाडू कोणालाही सुचला असता. तो टाळण्यातच निम्मे यश आहे, असे मला वाटते.

गांधीजींचा चष्मा हा काही खासबारदारांचा शोध नव्हे. व्यंगचित्रकारांनी तो कितीतरी वेळा रेखाटला होता. मात्र तो आजवर गांधीजींची खूण म्हणून येत असे. येथे तो पाहण्याचे साधन झाला. गांधीजी आपल्या परिसराकडे पाहत आहेत आणि आपणही त्यांच्या नजरेने पाहावे, असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. 2016 च्या अखेरीपासून आलेल्या नव्या नोटांच्या मागील बाजूस हे चिन्ह छापले जाते. इतक्या लहान जागेतही ते ओळखू येते. नोट हातात घेऊन तुम्ही स्वतःच पडताळून पाहा.

त्याच नोटेवर दुसरे उदाहरण आहे, ते रुपयाच्या चिन्हाचे. अर्थ मंत्रालयाने 2009 मध्ये घेतलेल्या स्पर्धेतून पाच आकृत्या अंतिम फेरीत आल्या. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डी. उदय कुमार यांच्या आकृतीला 15 जुलै 2010 रोजी मंत्रिमंडळाने मान्यता दिली. रोमन लिपीतील ‘आर’ या अक्षराचा उभा दांडा काढून टाकला, तर उरलेला आकार देवनागरी ‘र’च्या फार जवळ जातो. दोन लिप्यांतील हे साम्य असंख्य लोकांच्या डोळ्यांसमोर होते. पण त्याचे चलनचिन्ह होऊ शकते, हे हेरले ते उदय कुमार यांनी. शिरोरेषा आणि तिच्याखालची समांतर रेषा यांमुळे तिरंगी ध्वजाचाही भास होतो. देवनागरीची शिरोरेषा चित्रकाराला किती उपयोगी पडते, याची प्रचिती मराठी रसिकांना कमल शेडगे यांनी आधीच दिली होती. नाटकाचे नाव वाचता वाचताच त्या नाटकाची प्रकृती लक्षात यावी, अशी त्यांची अक्षरे असत.

येथे एक पेच उद्भवतो. बोधचिन्ह जितके साधे, तितकी ते दुसऱ्या कशासारखे तरी दिसण्याची शक्यता अधिक. वर्तुळ, चौकोन, काही अक्षरे एवढ्याच सामग्रीतून जगभरचे चित्रकार आकृत्या घडवीत असतात. त्यात आता संगणकावर तयार आकृत्यांचे साठे आहेत, आणि मागाल ते चित्र क्षणात काढून देणारी यंत्रेही. मग नक्कल कोणती आणि योगायोग कोणता?

कायदा याचे उत्तर एका मर्यादेपर्यंत देतो. भारतातील 1957 चा स्वामित्वहक्क कायदा कल्पनेला नव्हे, तर तिच्या प्रत्यक्ष आविष्काराला संरक्षण देतो. चष्म्याची कल्पना कोणाच्याही मालकीची नाही. त्या चष्म्याची विशिष्ट रेखाटणी मात्र कोणाची तरी असते. व्यापारचिन्हांच्या बाबतीत कसोटी निराळी आहे. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांवरून झालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली सांगितले, की दोन नावे शेजारी ठेवून बारकाईने ताडून पाहावयाची नसतात. सामान्य बुद्धीचा आणि अर्धवट आठवणीचा ग्राहक फसेल काय, एवढेच पाहावयाचे. तज्ज्ञाला दिसणारे दहा फरक येथे निरुपयोगी ठरतात.

टोकियोच्या ऑलिंपिक स्पर्धांचे प्रकरण या पेचाची दुसरी बाजू दाखवते. केन्जिरो सानो या चित्रकाराचे बोधचिन्ह जुलै 2015 मध्ये जाहीर झाले. लगोलग बेल्जियममधील ओलिव्हिए देबी यांनी, लिएज शहरातील नाट्यगृहासाठी आपण केलेल्या चिन्हाशी ते जुळते, असा आक्षेप घेतला. सानो यांनी नकलेचा आरोप फेटाळला. चिन्ह कसे घडत गेले हे दाखवण्यासाठी आयोजकांनी त्यांचे पहिले आरेखनही लोकांपुढे ठेवले. पण तेच आरेखन आणखी एका जुन्या प्रदर्शनाच्या चिन्हासारखे दिसते, अशी टीका सुरू झाली. शिवाय सादरीकरणात इतरांची छायाचित्रे परवानगीवाचून वापरल्याचे उघड झाले. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला ते चिन्ह मागे घेण्यात आले. मूळ आकृती नकलून काढली होती, हे सिद्ध झाले नव्हते. तथापि उसनवारीची सवय एका ठिकाणी दिसली, की लोक पुढच्या प्रत्येक रेषेकडे संशयाने पाहू लागतात.

नव्या स्पर्धेत चौदा हजारांहून अधिक आकृत्या आल्या. एप्रिल 2016 मध्ये निवड झाली ती आसाओ तोकोलो यांच्या निळ्या चौकटींच्या वर्तुळाची. चौकटींची ही नक्षी जपानमध्ये शतकानुशतके कापडावर वापरली जात आहे आणि तिथल्या लहान मुलालाही ती ठाऊक आहे. तोकोलो यांनी तीन प्रकारचे एकूण 45 आयत घेतले व त्यांची मांडणी अशी केली, की तेच 45 तुकडे एका रचनेत ऑलिंपिकचे चिन्ह होतात आणि वेगळ्या रचनेत पॅरालिंपिकचे.