‘वय झालं, दम लागणारच’: हृदयाच्या झडपेविषयीचे गैरसमज

आषाढी वारीसाठी मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा तिच्यासोबत सत्तरी ओलांडलेले वारकरीही चालतात. त्याच तालुक्यातले एखादे आजोबा मात्र मळ्यात जाणं सोडतात, मग देवळात जाणं सोडतात, आणि घरचे त्याला ‘वय’ म्हणतात. या ‘वया’मागे कधी कधी महाधमनीची आकसलेली झडप असते.

गैरसमज : म्हातारपणी दम लागायचाच.
वस्तुस्थिती : उतारवयात या झडपेच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचून त्या कडक होतात. निरोगी झडप साधारण 3 ते 4 चौरस सेंटिमीटर उघडते. ती 1 चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उघडू लागली की आजार सहसा गंभीर समजला जातो. चालताना धाप लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं ही त्याची लक्षणं. पण माणूस आपलं चालणंच कमी करतो, त्यामुळे ‘मला काही त्रास नाही’ असं मनापासून सांगतो. म्हणून ‘दम लागतो का?’ असं न विचारता ‘वर्षभरापूर्वी करत होतात आणि आता करत नाही, असं काय आहे?’ असं विचारा. स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या आवाजावरून डॉक्टरांना शंका येते. टूडी इकोने निदान होतं.

गैरसमज : गोळ्यांनी झडप मोकळी होईल.
वस्तुस्थिती : गोळ्यांनी सूज, रक्तदाब आटोक्यात राहतो, पण साचलेलं कॅल्शियम विरघळवणारं सिद्ध औषध आज नाही. छातीची शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांवरचा ‘पार्टनर’ हा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय 83 होतं. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी जवळपास निम्मे वर्षभरात दगावले. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळीवाटे नवी झडप बसवलेल्यांत हे प्रमाण सुमारे 31 टक्के होतं.

गैरसमज : झडप बदलायची तर छाती उघडावीच लागते.
वस्तुस्थिती : 2002 मध्ये फ्रान्समधील रुआँ शहरात डॉ. अलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा रुग्णाच्या शरीरात नळीवाटे ही झडप बसवली. या पद्धतीला ‘टावी’ म्हणतात. बहुतेक वेळा जांघेतल्या रक्तवाहिनीतून, मिटलेल्या छत्रीसारखी झडप हृदयापर्यंत नेतात आणि जुन्या झडपेच्या आतच उघडतात. जुनी काढावी लागत नाही. अनेकदा पूर्ण भूलही लागत नाही आणि बरेच रुग्ण काही दिवसांत घरी जातात.

गैरसमज : टाके नाहीत, म्हणजे धोका नाही.
वस्तुस्थिती : पक्षाघात, रक्तवाहिनीला इजा, रक्तस्राव हे धोके आहेत. काहींना नंतर पेसमेकर बसवावा लागतो. आधी सीटी स्कॅनने झडपेचं माप आणि रक्तवाहिन्यांची रुंदी पाहतात. या स्कॅनसाठीच्या औषधाचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. म्हणून क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट सोबत न्यावा.

गैरसमज : नव्वदीत हे करूच नये. किंवा, सोपं आहे तर सगळ्यांनाच करावं.
वस्तुस्थिती : दोन्ही चूक. अमेरिकेतील 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, झडप बदलणं गरजेचं असेल तर ऐंशीपुढे सहसा टावीलाच पसंती असते. पण निर्णय जन्मतारखेवर होत नाही. डॉक्टर रुग्णाला 5 मीटर चालवून वेळ मोजतात. 6 सेकंदांहून जास्त लागले तर तो अशक्तपणाचा इशारा मानतात. आंघोळ, जेवण स्वतःचं स्वतः होतं का, स्मृतिभ्रंश किंवा बळावलेला कर्करोग आहे का, हेही पाहतात. झडप बदलूनही अंथरुण सुटणार नसेल, तर ‘नको’ हा सल्लाही योग्य असू शकतो.

गैरसमज : ही झडप परदेशीच, आपल्या आवाक्याबाहेरची.
वस्तुस्थिती : गुजरातेतल्या वापीच्या मेरिल कंपनीची ‘मायव्हाल’ झडप भारतीय बनावटीची आहे. तरीही खर्च अनेक लाखांत जातो. मुंबई-पुण्याची गाडी धरण्याआधी विमा किंवा सरकारी योजनेतून नेमके किती मिळतील, हे लेखी विचारा. झडप, खाट, तपासण्या आणि गरज पडल्यास पेसमेकर, प्रत्येकाचा आकडा वेगळा मागा.

यातलं पहिलं पाऊल मात्र साधं आहे. घरातल्या ज्येष्ठाचं चालणं कमी झालं असेल, तर आधी इको करून घ्या. पुढे काय करायचं, हे ठरवताना त्यांनाही बोलू द्या. झडप त्यांची आहे.