डिझेलमधल्या पाण्याचा दिवा : पाणी खरे की वायर खोटी?



संत्र्याची तोड संपली, पिकअप भरून उभी आहे, गाडी वेळेवर मंडीत पोचली पाहिजे, आणि नेमका तेव्हाच डॅशबोर्डवर डिझेलमधल्या पाण्याचा दिवा लागतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत, तसेच १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना नवे धूर-नियम लागू झाल्यावर आलेल्या मोठ्या ट्रॅक्टरांत हा दिवा पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळतो. जुन्या ट्रॅक्टरला फिल्टरखाली नुसती वाटी होती. तिच्यात पाणी डोळ्यांनी दिसायचे.

मागे चांदूर बाजार भागातल्या एका बागायतदार भाऊंच्या गाडीचा हा दिवा काही केल्या विझेना. फिल्टर दोनदा बदलला, टाकी उतरवून धुतली, शेवटी पंप खोलायची भाषा सुरू झाली. भाऊ म्हणाले, "साहेब, पानी तं थेंबभर निघालं नाही, मंग दिवा काऊन लागते?" पाहतो तो फिल्टरजवळची वायर उंदराने कुरतडलेली, आणि उघडी तार गाडीच्या लोखंडाला टेकलेली. दुसरी तऱ्हा याहून वाईट. दिवा त्रास देतो म्हणून काही जण वायरच तोडून टाकतात. मग खरेच पाणी आले तरी कळत नाही आणि इंजेक्टर गंजतात. नव्या इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. इंजेक्टरमधली फट केसापेक्षा कितीतरी बारीक असते आणि तिला वंगण डिझेलचेच. तिथे पाण्याचे काम नाही.

आता हा दिवा लागतो कसा, ते पाहू. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाशी बसते. तिथे सेन्सरची दोन टोके असतात. डिझेलमधून वीज जात नाही, पाण्यातून जाते. पाणी त्या टोकांपर्यंत चढले की वाट जुळते आणि दिवा लागतो. विहिरीत दोन वायरी सोडून, पाणी संपले की मोटर बंद पाडणारी पेटी आपण वापरतो ना, त्याच जातीचे हे काम आहे.

म्हणून तपासणीचा क्रम चुकवू नये. पहिली बाटली, मग वायर, मग सेन्सर.

इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. जवळ बिडी-काडी नको. फिल्टरच्या तळाची निचऱ्याची चावी सैल करून काचेच्या बाटलीत पावशेरभर डिझेल घ्यावे व पंधरा मिनिटे हलवू नये. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी होय. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढावे, चावी घट्ट करावी, हातपंपाने हवा काढावी आणि गाडीची चाबी बंद करून पुन्हा चालू करावी. दिवा क्षणभर लागून विझला तर निदान दिवा तरी ठीक आहे. तो क्षणभरही लागला नाही, तर दिवा किंवा त्याची वायर बिघडलेली असू शकते. काढलेले डिझेल वावरात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात चढताना दिवा लागतो आणि सपाटीवर विझतो, असे काही जण सांगतात. तिथे लगेच वायरला दोष देऊ नका. फिल्टरमध्ये थोडे पाणी असेल तर चढावर ते कलंडून टोकांना लागते. सपाट रस्त्यावर, खड्ड्यात गाडी आपटली की लुकलुकत असेल, तर मात्र बाटली पाहून झाल्यावर जोड ढिला असल्याचा संशय घ्यावा.

बाटलीत पाणी नाही, तरी दिवा जळतोच, तर वायरीकडे वळावे. चाबी बंद करून सेन्सरचा जोड काढावा. आत हिरवा गंज, चिखल, वाकडी पिन आहे का ते पाहावे. गाडी धुताना फवाऱ्याचे पाणी जोडात शिरते, हे कारण मला फार वेळा सापडले आहे. मग वायरमनकडून मीटर लावून घ्यावा. सेन्सरला तीन वायरी असतील तर एक पुरवठ्याची, एक अर्थची, एक निरोपाची. चाबी चालू ठेवून पुरवठ्यावर काही गाड्यांत १२ व्होल्टच्या आसपास, काहींत ५ व्होल्ट मिळतात. चाबी बंद करून अर्थची पिन व बॅटरीचे ऋण टोक यांत रोध जवळजवळ शून्य हवा. दहा-वीस ओहम दाखवले तर अर्थचा नट खोलून गंज घासावा. निरोपाची वायर लोखंडाला कुठे टेकली आहे का, हे बॅटरी सोडवून तपासावे. बल्ब लावून तपासायची जुनी सवय इथे नको. इंजिनाच्या संगणकाला इजा होते.

जोड काढल्यावर दिवा विझला म्हणजे सेन्सर खराब, असा निकाल देणारे मिस्त्री आहेत. तो पक्का नव्हे. काही गाड्यांत जोड काढला की दिवा विझतो, काहींत मुद्दाम पेटतो, कारण वायर तुटल्याचे संगणकाला कळावे अशी त्यात सोय असते. आपल्या गाडीचे काय, ते पुस्तिकेत पाहावे.

सेन्सरची परीक्षा घरच्या घरी होते. तो काढून पुसावा, जोड लावावा, चाबी चालू करावी आणि टोके पेलाभर पाण्यात बुडवावीत. थोड्या वेळात दिवा लागला पाहिजे. नंतर पुसून स्वच्छ डिझेलमध्ये धरावीत. दिवा विझला पाहिजे. पाणी विहिरीचे घ्यावे, बॅटरीत टाकायचे नको. त्या शुद्ध पाण्यात क्षार नसल्यामुळे वीज नीट जात नाही आणि चांगला सेन्सरही नापास होतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या भावांना इथे तरी खाऱ्या पाण्याचा उपयोग आहे! टोकांवर काळा चिकटा असेल तर डिझेलने भिजवलेल्या मऊ फडक्याने काढावा. पॉलिश पेपर मारू नये.

परीक्षेत सेन्सर नापास झाला तरच नवा घ्यावा. दुकानात जुना नमुना आणि गाडीचे मॉडेल व साल सोबत न्यावे, कारण दिसायला सारखे सेन्सर आतून निराळे असतात. बसवताना रबरी रिंग नवी टाकावी. जुनी रिंग राहिली तर तिथून हवा ओढली जाते आणि सकाळी गाडी सुरू होत नाही.