टिटवी आपली अंडी कशी राखते?

गुरुजी म्हणाले, "भित्तिपत्रकासाठी रानातल्या प्राण्यांची माहिती लिहा. पण नुसती पुस्तकातली उतरवू नका. डोळ्यांनी पाहिलेलं लिहा." मी वाघ पाहिला नाही. बिबट्याही पाहिला नाही. टिटवी मात्र रोज पाहते. म्हणून मी टिटवीची माहिती लिहीत आहे. मला न कळलेलं गुरुजींनी समजावून सांगितलं.

आमचं शेत माळाला लागून आहे. तिथं टिटव्यांची एक जोडी राहते. टिटवीचे पाय लांब आणि पिवळे असतात. डोकं आणि छाती काळी, पाठ तपकिरी आणि पोट पांढरं असतं. चोच लाल असून तिचं टोक काळं असतं. डोळ्यांपुढंही लाल कातडी असते. नर आणि मादी सारखेच दिसतात.

रात्री टिटवी ओरडली की आजी म्हणते, "काय तरी वंगाळ हुणार." पण ते खरं नाही. कोल्हा, कुत्रा किंवा माणूस तिच्या जागेजवळून गेला की ती ओरडते. म्हणजे टिटवी ही माळाची राखणदार आहे.

टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. ती उघड्या जमिनीवर लहानसा खळगा करते. त्याच्या कडेला बारीक खडे आणि शेळीच्या लेंड्या असतात. त्यात बहुतेक वेळा चार अंडी असतात. मुंगूस, कावळा, घोरपड, कुत्रा असे कितीतरी शत्रू फिरत असतात. मग इतक्या उघड्यावर अंडी वाचतात कशी? त्यासाठी टिटवीच्या युक्त्या असतात.

पहिली युक्ती रंगाची. अंडी मातकट असतात आणि त्यांवर काळपट ठिपके असतात. ती खड्यांत पडली की खडेच वाटतात. मी तीन पावलांवर उभी होते, तरी मला दिसली नाहीत.

दुसरी युक्ती गुपचूप निघण्याची. कुणी लांबून येताना दिसलं की टिटवी अंड्यांवरून उठते, खाली मान घालून चालत दूर जाते आणि मग ओरडायला लागते. आपण आवाजाकडं पाहतो, अंडी राहतात दुसरीकडंच.

तिसरी युक्ती सोंगाची. शत्रू फारच जवळ आला तर ती पंख मोडल्यासारखी जमिनीवर फडफडते. कुत्र्याला वाटतं, ही आता सापडली. तो मागं लागतो. लांब गेल्यावर टिटवी भुर्रकन उडून जाते. कधी ती कुत्र्याच्या डोक्यावर झडपही घालते.

चौथी युक्ती उन्हासाठी. ऊन हाही शत्रूच आहे. टिटवी पाण्यात पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते. त्यामुळं अंडी गार राहतात. नर आणि मादी पाळीपाळीनं बसतात.

इतर प्राण्यांच्याही अशा युक्त्या असतात. ससा बीळ करत नाही. तो गवतात कान पाडून दबून बसतो. अगदी जवळ गेलं की एकदम उठतो आणि वाकडातिकडा पळतो. साळिंदर काटे फेकून मारतं असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. साळिंदराचे काटे म्हणजे जाड, कडक झालेले केसच असतात. ते काटे उभे करून खुळखुळवतं आणि उलटं मागं धावून शत्रूच्या अंगात घुसवतं. खवल्या मांजराला दातच नसतात. भीती वाटली की ते अंगाचा चेंडू करतं. मग बिबट्यालाही तो चेंडू उलगडणं अवघड जातं.

पण इथं एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. या युक्त्या जनावरांपुढं चालतात, माणसापुढं नाही. खवल्या मांजराचा चेंडू झाला की माणूस तो सरळ उचलून पोत्यात घालतो. म्हणून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला मारायला आणि पकडायला बंदी आहे. मला ही गोष्ट आधी कळली नव्हती. त्याची हकिकत सांगते.

गेल्या वर्षी मे महिन्यात अप्पा कुळव हाकत होते. वजन पडावं म्हणून मी कुळवावर उभी होते. एका जागी टिटवी बैलांच्या पुढंच उभी राहिली. दोन्ही पंख पसरून ओरडू लागली. मला फार गंमत वाटली. मी हसले. अप्पांनी बैलांना हाक दिली, टिटवी उडाली आणि आम्ही पुढं गेलो. नंतर पाहिलं तर कुळवाच्या पासेला पिवळं लागलं होतं. गाय-बैल अंड्यांवर पाय देऊ नयेत म्हणून टिटवी अशी आडवी उभी राहते, हे मला ठाऊक नव्हतं. दोन दिवस ती त्याच जागी फिरत होती. मला जेवण गेलं नाही.

यंदा टिटवी ओरडायला लागली तेव्हा मीच अप्पांना म्हटलं, "अप्पा, बैल थांबवा." आम्ही दोघांनी वाकून शोधलं. चार अंडी होती. अप्पांनी चारी बाजूंना काट्या रोवल्या आणि तेवढं रान सोडून कुळव नेला. शेजारचे काका हसले. अप्पा म्हणाले, "चार हात रान पडलं तर आपण काय उपाशी मरत न्हाय."

मी रोज जवळ जाऊन बघायचे. पाचव्या दिवशी एक अंडं नव्हतं. कुणी नेलं, दिसलं नाही. अप्पा म्हणाले, "तू जातीस म्हणून टिटवी उठती, आन् कावळ्याला जागा कळती." मग मी बांधावरूनच पाहिलं. अंडी सापडल्यापासून तेविसाव्या दिवशी तीन पिलं निघाली. शाळा उघडल्यावर गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, पिलं निघायला २८ ते ३० दिवस लागतात. म्हणजे आम्हाला सापडण्याआधी पाच-सात दिवस ती अंडी तिथं होती.

पिलं लगेच पळू लागतात. आईनं इशारा दिला की जमिनीला चिकटून गप्प पडतात. मग ती ढेकळासारखीच दिसतात.

माझी सर्व मुलांना आणि पालकांना विनंती आहे. औत हाकताना टिटवी पुढं येऊन ओरडू लागली तर हसू नका. बैल थांबवा आणि खाली बघा. माळाला आणि बांधाला आग लावू नका, कारण अंड्यांना पळता येत नाही. टिटवीला जेवढं करता येतं तेवढं ती करते. पुढचं आपल्या हातात आहे.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी