नेट जातं-येतं? आधी बिघाड कुठे आहे ते शोधा



वाड्या-वस्त्यांवर आता फायबरची वायर पोहोचली आहे. सात-बारा, बँकेचे व्यवहार, मुलांच्या प्रवेशाचे अर्ज ही कामे घरबसल्या होऊ लागली आहेत. पण बऱ्याच घरांत एकच गाऱ्हाणे ऐकू येते : "नेट पार बंद पडत नाही, पण जातं-येतं." पार बंद पडलेले एक वेळ परवडले, दोष लगेच सापडतो. हे जाणारे-येणारे नेट मात्र दुरुस्तीवाला दारात आला की नेमके नीट चालते आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी फी भरताना तुटते. मग माणूस वैतागून नवा राउटर आणतो. पैसे जातात आणि तक्रार तशीच राहते.

शेवटच्या सरीला पाणी पोहोचले नाही म्हणून आपण लगेच नवी मोटार आणत नाही. विहिरीत पाणी आहे का, मोटार ओढते का, पाइप कुठे फुटला आहे का, हे क्रमाने बघतो. नेटचेही तसेच आहे. त्याचे तीन टप्पे धरावेत : घरापर्यंत येणारी लाइन, राउटर व त्याची वीज, आणि राउटरपासून मोबाइलपर्यंतची हवेतली जोडणी, म्हणजे वाय-फाय. तुटते कुठे, ते आधी ठरवावे.

कसोटी कशी घ्यावी? नेट तुटले की प्रथम घरातले सगळे मोबाइल बघावेत. एकाच मोबाइलवर तुटत असेल तर दोष त्या मोबाइलचा. त्यातली वाय-फायची जुनी नोंद पुसून पासवर्ड टाकून पुन्हा जोडावा. सगळ्यांवर तुटत असेल तर लॅपटॉप घेऊन तो लॅनच्या वायरीने थेट राउटरला जोडावा. वायरीवर नेट सुरळीत आणि मोबाइलवर तुटक, तर दोष वाय-फायचा. वायरीवरही तुटत असेल तर वाय-फायला बोल लावू नये. दोष लाइनीत किंवा राउटरमध्ये आहे.

लाइनीचा दोष : फायबरच्या डबीवर 'एलओएस' असे लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून येणारा प्रकाश डबीपर्यंत पोहोचत नाही. फायबर ही काचेची बारीक तार आहे. ती खिळ्याला आवळून बांधली किंवा दाराच्या फटीत दुमडली तर प्रकाश गळतो. उंदीर कुरतडतात, आणि खाली लोंबणारी वायर उसाच्या ट्रॉलीला अडकते. वायर सैल व मोठ्या वळणाने ठेवावी. तुटलेले टोक डोळ्यांसमोर धरू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यांना अपाय करू शकतो.

विजेचा दोष : मोटार चालू झाली की घरचा व्होल्टेज पडतो आणि राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्याचे सगळे दिवे एकदम विझून परत लागले, तर हेच समजावे. सैल प्लग किंवा जुना झालेला अडॅप्टर यानेही तसेच होते. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असावेत. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो उपयोगी पडतो. तापलेल्या पत्र्याखाली किंवा बंद कपाटात राउटर ठेवू नये, त्यावर रुमालही घालू नये. मागच्या बारीक छिद्रातले रीसेटचे बटण मात्र कोणी दाबू नये. कंपनीने भरलेली माहिती त्याने पुसली जाते.

हवेतला दोष : बहुतेक नव्या राउटरना दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंतही बऱ्यापैकी ओलांडतो. पण त्यावर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह अशी गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीआड लवकर दमतो. दोन्हींचे नाव एकच असेल तर मागच्या खोलीत मोबाइल एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो आणि नेट क्षणभर तुटते. दोन्हींना वेगळी नावे द्यावीत आणि लांबच्या खोलीत २.४ वापरावा. त्याचे चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे ठेवावे. हे तिन्ही एकमेकांवर चढत नाहीत. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या वर असावा. दगडी भिंत, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आड येऊ देऊ नये. मागच्या खोलीत एवढे करूनही पोहोचत नसेल, तर तिथपर्यंत वायर नेऊन दुसरा राउटर बसवणे सर्वांत भरवशाचे.

एका वेळी एकच बदल करावा आणि दोन दिवस बघावे. सगळे एकदम बदलले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

आणखी एक काम करावे. आठ दिवस वहीत नोंद ठेवावी : तारीख, वेळ, कोणता दिवा लाल होता, वायरीवर तुटले की वाय-फायवर, मोटार चालू होती का. रोज रात्री ठरावीक वेळेलाच वायरीवरही नेट मंदावत असेल तर कंपनीच्या लाइनीवर गर्दी आहे. वारा-पाऊस झाला की तुटत असेल तर बाहेरचा जोड बघायला सांगावे. मोटारीबरोबर तुटत असेल तर वीज. अशी नोंद हातात असली की "आत्ता तर चालू आहे" असे म्हणून कोणाला परत जाता येत नाही. तक्रार करताना तक्रार क्रमांक जरूर लिहून घ्यावा. समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांत आहे.

आमचे सांगणे इतकेच की, दोष सापडल्याशिवाय खिशात हात घालू नका. हे पान घरातल्या शिकत्या मुला-मुलींच्या हाती द्या आणि वहीतली पहिली नोंद त्यांनाच करू द्या.