विकासाच्या हिशेबात पवना कुठे?

पुणे-लोणावळा लोकलने रोज अप-डाऊन करत असाल, तर देहूरोड स्टेशन तुम्हाला तोंडपाठ असणार. आता एकदा मोबाइलवर या गावाचा नकाशा उघडा. उत्तरेला इंद्रायणी, दक्षिणेला पवना. मधून १८५८ पासून धावणारी रेल्वे, जुना मुंबई-पुणे हायवे, कात्रजकडे जाणारा बायपास. आणि शेजारच्या किवळ्याला संपणारा, २००२ मध्ये पूर्ण झालेला एक्स्प्रेस वे. 'पायाभूत सुविधा' म्हणजे काय, हे समजायला वेगळं पुस्तक नको!

आशियाभर असंच बांधकाम सुरू आहे. आशियाई विकास बँकेने २०१७ च्या अहवालात अंदाज मांडला, की २०१६ ते २०३० या काळात आशियातल्या विकसनशील देशांना यासाठी तब्बल २६ लाख कोटी डॉलर लागतील, तेही हवामानबदलाचा खर्च धरून. पण खरी मेख पैशात नाही. हिशेबात काय धरायचं आणि काय सोडायचं, यात आहे.

हा प्रश्न पुण्यात फार आधी विचारला गेलाय. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास केला. तो १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती पाणीपट्टी किती जमली हे न बघता शेतीचं उत्पन्न, रोजगार असे आडवळणाचे फायदेही त्यांनी मोजले.

मग तोटे? १९९० च्या दशकात जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांना अनेक देशांच्या आकडेवारीत दिसलं, की उत्पन्न वाढताना प्रदूषण आधी वाढतं, पुढे कमी होऊ शकतं. म्हणजे 'आधी श्रीमंत होऊ, नद्या नंतर बघू' असं समजायचं का? अजिबात नाही. ही सुधारणा आपोआप होत नाही, असं त्यांनीच बजावलं होतं. लोकांनी मागणी केली, कायदे झाले, तरच ती होते.

मावळला याची किंमत ठाऊक आहे. पवना धरणाचं पाणी नदीतून येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जातं. ते थेट बंद पाइपलाइनने न्यायचं ठरलं. शहराच्या दृष्टीने गळती कमी, पाणी स्वच्छ. नदीकाठच्या शेतकऱ्याचा सवाल साधा होता: मग आमच्या नदीचं काय? ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. प्रकल्पाचं काम थांबलं. पाइपचा खर्च कागदावर होता. नदीकाठच्या माणसाची भीती कुठल्या रकान्यात होती?

तुम्ही काय करू शकता? प्रत्येक महापालिकेला दरवर्षी ३१ जुलैपर्यंत पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. कायदाच आहे तसा. आपल्या शहराचा अहवाल मिळवा, त्यात नदीचं पान काढा आणि मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून बघा. फरक खटकला, तर नगरसेवकाला विचारा. त्यासाठी अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही.